पुढची अर्धी महादेवरावांची

१४ जानेवारी १९७९, रविवार. देवळी.

आज संक्रांत. लोकांनी तिळगूळ घेतला, आम्ही मोटार घेतली.

वही नवी आहे, तेव्हा तिचा गैरसमज नको म्हणून लिहून ठेवतो. आम्ही म्हणजे दोघे. एक मी, बापूराव, हायस्कूलच्या पोरांना जन्मभर विज्ञान शिकवून गेल्या दिवाळीत निवृत्त झालेला मास्तर. दुसरे महादेवराव. त्यांची देवळीच्या शिवारात ओलिताची शेती आहे, आणि विहिरीवरचं त्यांचं डिझेल इंजिन त्यांच्याखेरीज कोणाला जुमानत नाही. एवढ्या पात्रतेवर माणूस मोटारीच्या धंद्यात पडू शकतो, असं आमचं दोघांचं मत पडलं. लग्नसराईत नवरदेव न्यायचे, एरवी आजारी माणसं वर्ध्याच्या दवाखान्यात पोचवायची.

गाडी पंचवीस वर्षांची आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिनं बिचारीनं चांगलीच बनवली असेल. पुलगावच्या एका कापसाच्या जीनच्या मालकाकडून आणली. महादेवराव तिथंच म्हणाले, "मास्तर, इंजिनातलं तुमाले काई समजत नाई. पुढची अर्धी गाडी माही, मागची अर्धी तुमची. आपापलं सांभाळू." म्हणजे इंजिन, दिवे, बॅटरी त्यांच्याकडे, सीटा, डिकी, पेट्रोलची टाकी माझ्याकडे. इतकी समंजस वाटणी मी सख्ख्या भावांतही पाहिली नाही.

माझ्या अर्ध्या भागात पहिलीच शोभा अशी की टाकीला झाकण नाही. तोंडात चिंधीचा बोळा कोंबलेला. जीनचा ड्रायव्हर म्हणाला, "चिंधी पे ही चलती है साहब, इसको हात मत लगाना." अडाणीपणाचा एवढा अभिमान मी शाळेतसुद्धा क्वचितच पाहिला.

माझी बायको जिजा गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "बसायले बरी हाये." चालण्याबद्दल ती काही बोलली नाही.

२१ जानेवारी

पवनारला जाऊन आलो. मी चालवत होतो, महादेवराव शेजारी बसून हुकूम सोडत होते. वळण आलं की ते बैलाला करतात तसं "हो हो हो" करतात. गाडी कुठंही थांबली नाही. जाताना नाही, येताना नाही. धाम नदीच्या पुलावर दोघं उतरून पुढाऱ्यांसारखे उभे राहिलो.

गावात शिरल्यावर पानठेल्यावरच्या मंडळींनी बघितलं. रूपरावांनी विचारलं, "काय महादेवराव, मास्तरले ड्रायव्हर ठेवलं का?" महादेवराव म्हणाले, "नाई जी, भागीदार हायेत." रूपरावांच्या तोंडातला पानाचा तोबरा क्षणभर थांबला. मजा वाटली.

२६ जानेवारी

प्रजासत्ताक दिनी देशाला घटना मिळाली, तसं आज आमच्या टाकीला झाकण मिळालं. वर्ध्याच्या लेथवाल्याकडून पितळी झाकण करून आणलं. पेचाचं. आत जाड रबरी वायसर. फिरवून घट्ट केलं की मुंगी शिरणार नाही, वारा शिरणार नाही. चिंधी उकिरड्यावर टाकली.

महादेवराव झाकण बघून म्हणाले, "सोन्यावानी दिसते." त्यांच्या अर्ध्या भागात असं चकाकणारं काही नाही, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं असावं.

३ फेब्रुवारी

वर्ध्याला जाताना गाडी सालोडच्या अलीकडे बंद पडली.

आधी आचके दिले, मग उसासा टाकला, मग शांत. महादेवरावांनी बॉनेट उघडलं आणि आत अशा नजरेनं बघितलं, ज्या नजरेनं मी आठवीच्या उत्तरपत्रिकेकडे बघायचो. पेट्रोल पोचत नव्हतं एवढं त्यांनी नळी सोडून दाखवलं. "तुमच्या टाकीत पेट्रोल हाये का पाहा पह्यले," ते म्हणाले. हा माझ्या अर्ध्या भागावर उघड संशय होता. मी कडुनिंबाची काडी तोडली आणि झाकण उघडलं. उघडताना फुस्स करून मोठा आवाज झाला. झाकण किती पक्कं बसतं याची त्यावरून खात्री पटली. काडी निम्मी ओली झाली, ती मी त्यांना दाखवली. त्यांनी नळीत तोंडानं फुंकर मारली, नळी लावली, आणि गाडी सुरू झाली.

घरी येईपर्यंत ते स्वतःच्या फुंकरीबद्दल बोलत होते.

१९ फेब्रुवारी

फुंकरीचा गुण पंधरवडाही टिकला नाही. गाडी रोज बंद पडते असंही नाही. गावात फिरवली तर मांजरीसारखी गोड चालते. वर्ध्याच्या रस्त्याला लागली की कुठंतरी तिला वैराग्य येतं. झाडाखाली थोडा वेळ बसलं, मी काडी घालून पेट्रोल बघितलं, महादेवरावांनी आत काहीतरी खुडबुड केली, की पुन्हा संसाराला लागते.

वर्ध्यात श्रावण मिस्त्रीला दाखवली. त्यानं कार्बोरेटर उघडून पेट्रोलनं धुतला, बारीक तोट्या फुंकल्या, गाळणी बदलली. चालू करून कान लावून ऐकत राहिला. गाडी दुकानापुढं उभी राहून सतारीसारखी वाजत होती. "आता नाई मास्तर, आता बंद पडली तर माहं नाव बदलून टाका," म्हणाला.

येताना बोरगाव मेघेही ओलांडायच्या आत बंद पडली. नाव काय ठेवावं याचा विचार करत बसलो.

११ मार्च

आज रूपरावांच्या पोराचं लग्न. म्हणजे आमच्या धंद्याची खरी परीक्षा. ज्या रूपरावांनी पानठेल्यावर तोबरा थांबवला होता, तेच पोराला माझ्या गाडीत बसवायला आले. गरजवंताला सगळे भागीदार चालतात.

रस्त्यात दगा नको म्हणून सकाळी टाकी गळ्यापर्यंत भरली. झाकण मी स्वतः, दोन्ही हातांनी, दात खाऊन आवळलं. गाडीला झेंडूच्या माळा. नवरदेव मागं, बाशिंग छताला टेकलेलं. पुढं बँड.

गाडी नेहमी निदान सालोडपर्यंत तरी जाते. आज देवळीची वेस सुटली तोच थांबली. हे एक नवीनच कळलं: टाकी रिकामी असली की हिला दम असतो, भरली की लवकर झोप येते. आमच्या शाळेतले मुख्याध्यापक असेच होते.

वऱ्हाड्यांनी ढकलायला सुरुवात केली. बँडवाल्यांना कोणी थांबा म्हटलं नाही, म्हणून ते वाजवतच राहिले. ज्यांच्या वाडवडिलांनी माझ्या बापाला सावलीतही उभं केलं नाही, ती मंडळी उन्हात माझी गाडी ढकलत होती, आणि मी आत स्टेअरिंगवर बसून "जोर लावा, जोर लावा" म्हणत होतो. खोटं कशाला लिहू, तेवढा वेळ गाडी सुरू होऊ नये असं वाटलं.

झालीही नाही. नवरदेव उतरून रेंगीत बसला. बैलांनी त्याला वेळेवर पोचवलं. बैलांना कार्बोरेटर नसतो.

सगळे गेल्यावर मी सवयीनं झाकण उघडून काडी घातली. फुस्स. महादेवरावांनी सेल्फ मारला आणि गाडी हसत सुरू झाली. महादेवराव तिला जे बोलले ते या वहीत लिहिण्याजोगं नाही.

८ एप्रिल

उन्हाळा तापला. आता गावातल्या प्रत्येकाजवळ एक कारण आहे. रूपराव म्हणतात नजर लागली. प्रभाकरराव तहसिलीतून निवृत्त झालेले आहेत, त्यामुळे त्यांना सगळंच माहीत असतं. ते म्हणाले, "पेट्रोलची नळीत वाफ होते. पंपावर ओलं फडकं ठेवा." हे शास्त्राला धरून वाटलं. मला आधी का सुचलं नाही याचा राग आला, म्हणून त्यांना चहा दिला नाही.

गाडी बंद पडल्यावर ओलं फडकं ठेवलं, थांबलो, पेट्रोल बघितलं, सुरू झाली. प्रभाकररावांचा जयजयकार. पुढच्या पाच मैलांत ओल्या फडक्यासकट पुन्हा बंद.

फेब्रुवारीत थंडीनं आम्ही कुडकुडत असतानाही ती बंद पडायची, हे प्रभाकररावांना सांगितलं. ते म्हणाले, तेव्हाचं कारण वेगळं असेल. तहसिलीत फायली कशा चालत असतील ते समजलं.

१५ एप्रिल

महादेवरावांची मुलगी नलू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ही माझी विद्यार्थिनी. विज्ञानात काठावर पास. एकदा वर्गात मी प्रयोग दाखवताना भर वर्गात विचारलं होतं, "सर, याचा उपयोग काय?" आज पाया पडायला वाकली तर मी नको म्हटलं, तिला वाकवेना. "सर, मले दवाखान्यात तुमीच न्यायचं," म्हणाली. मग गाडीकडे बघून म्हणाली, "नाई तर आधीच निघून राहू का आपण? आजपासून?"

जीभ मात्र पहिल्या नंबरात पास आहे.

२२ एप्रिल

लिहावंसं वाटत नाही. पण नाही लिहिलं तर उद्या मी स्वतःला निराळंच सांगेन.

काल देवळीच्या चौकातच गाडी बंद पडली. बाजाराचा दिवस, पाहिजे तेवढी माणसं. रूपराव म्हणाले, "पेट्रोलमधी राकेल टाकून राह्यले का मास्तर?" सगळे हसले. मी गप्प बसायला हवं होतं. पण ऊन, ढकलाढकल, नवरदेवाची रेंगी, सगळं एकदम डोक्यात गेलं. मी मोठ्यानं म्हणालो, "मी नाही टाकत. महादेवरावांच्या विहिरीवर राकेलची पिपं असतात. त्यांना विचारा."

महादेवराव बॉनेटमधून वर आले. तोंड काळं-लाल.

"मी? मी राकेल टाकतो?"

"इंजिन तुमच्याकडे आहे. माझ्या बाजूनं सगळं ठीक आहे. माझं झाकण बघा, माझी टाकी बघा."

"लोकं मले सांगतच होते मास्तर," ते म्हणाले, "यायच्या नादी लागू नको म्हणून."

"ह्यांच्या म्हणजे कोणाच्या?"

रूपरावांनी पान थुंकलं तेवढाच आवाज झाला.

मग महादेवरावांनी पाना घेतला, आपल्या अर्ध्या भागातली बॅटरी सोडवली आणि छातीशी धरून चालत घरी गेले. मी माझ्या अर्ध्या भागातलं झाकण फिरवून काढलं, खिशात घातलं आणि किल्लीही घेऊन आलो. पोरांनी गाडी ढकलत नेऊन महादेवरावांच्या गोठ्याशेजारी उभी केली. तिच्या टाकीच्या तोंडावर कोणीतरी नारळाची करवंटी ठेवली आहे म्हणे.

जिजाला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी राकेलचं खरं पाह्यलं होतं का?"

मी म्हटलं, प्रश्न तो नाही.

"मंग कोनता हाये?" ती म्हणाली, आणि तांदूळ निवडत बसली.

१ मे

महादेवराव समोरून आले. मी दुकानाची पाटी वाचली. त्यांनी आभाळ वाचलं. आभाळात काही नव्हतं, पाटी मला पाठ होती.

१३ मे, रविवार

काल जे झालं ते सवडीनं लिहितो. हात अजून दुखतात.

दुपारी जेवून आडवा झालो होतो. बाहेर उन्हानं रस्ता पांढरा पडलेला. दारात रुख्माबाई. महादेवरावांची बायको आमच्या वस्तीत, आमच्या दारात, डोक्यावरचा पदर सरकलेला, पायात चप्पल नाही. "मास्तर, नलूचं पोट दुखून राह्यलं. नर्सबाई म्हणे लेकरू आडवं हाये, इथं होत नाई, वर्ध्याले न्या. दवाखान्याची जीप दुसऱ्या पेशंटले घेऊन गेली. यष्टी चार वाजता हाये."

मी किल्ली घेतली. झाकणही घेतलं. जिजानं आठवण करून दिली नव्हती. माझं मलाच सुचलं, याचा तेव्हा अभिमान वाटला.

गोठ्याशी पोचलो तर महादेवराव बॅटरी बसवत होते. पाना दोनदा निसटला. माझ्याकडे बघितलं नाही. मी करवंटी फेकली, झाकण घट्ट लावलं, किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. नलूला मागं आडवी घेतली, डोकं रुख्माबाईंच्या मांडीवर. महादेवराव शेजारी बसले. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा आमच्यात सुटली होती.

सालोडच्या अलीकडे बंद पडली.

महादेवराव उडी मारून बॉनेटकडे गेले, मी मागं झाकणाकडे. फुस्स. काडी ओली. सेल्फ मारला. सुरू. दोन-तीन मैल गेलो असू, पुन्हा आचके. पुन्हा तेच. त्यांची फुंकर, माझी काडी, फुस्स, सुरू. नलू आधी दात खाऊन होती, आता ओरडायला लागली. रुख्माबाई तिच्या तोंडावर पदरानं वारा घालत कोणाकोणाचा धावा करत होत्या. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा दोन्ही बाजूंना नुसती काळी उघडी वावरं, एक झाड नाही. बॉनेटला हात लावला तर चटका बसत होता. महादेवराव वाफाळत्या इंजिनापुढं उभे होते आणि त्यांना काही सुचत नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते. हा माणूस कोणापुढं रडणारा नव्हे.

मी झाकण उघडलं. फुस्स. काडी शोधायला लागलो, काडी सापडेना. झाकण पुन्हा लावायला घेतलं.

मागच्या खिडकीतून नलू ओरडली, "सर!"

मी वाकून बघितलं. तिचा चेहरा घामानं चिंब, केस कपाळाला चिकटलेले.

"तुमी दर वेळी थे झाकण उघडता," ती धापा टाकत म्हणाली, "अन् मंग गाडी चालू होते. मी केव्हाची पाहून राह्यली. मंग लावता कायले थे परत?... माय वं!"

मी झाकण हातात घेऊन उभा राहिलो.

जन्मभर आठवीच्या वर्गाला हवेचा दाब शिकवला. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडतं, दुसरं पाडलं की हवा आत जाते आणि तेल वाहतं. डबा मी स्वतः घरून नेत असे. पोरं टाळ्या वाजवत. आणि हा इतका मोठा डबा मी स्वतःच्या हातानं, रबर घालून, दात खाऊन बंद केला होता. पेट्रोल उपसलं जात होतं, त्याच्या जागी हवा जायला वाट नव्हती, टाकी आतून ओढून धरत होती. मी झाकण उघडलं की हवा आत जायची, गाडी चालायची, आणि तो आवाज ऐकून मी दर वेळी झाकणाचं कौतुक करायचो. जीनचा तो ड्रायव्हर हात मत लगाना म्हणाला होता.

झाकण वावरात भिरकावलं. खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याचं टोक टाकीच्या तोंडात सैल कोंबलं.

"काय करून राह्यले मास्तर?" महादेवराव ओरडले.

"माझं झाकण होतं," मी म्हटलं. "सगळं माझ्या झाकणानं केलं. तुमच्या इंजिनात काही नव्हतं. कधीच नव्हतं. राकेलही नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा.

"गाडी चालवा," ते म्हणाले.

चालवली. खड्डे बघितले नाहीत, म्हशी बघितल्या नाहीत. महादेवराव वळणावळणाला "हो हो हो" करत होते. गाडीनं एक आचका दिला नाही. मागं माझा दुपट्टा रस्त्याची धूळ खात फडफडत होता. सावंगी गेली, गावातल्या गर्दीत मी हॉर्नवरचा हात काढला नाही, आणि दवाखान्याच्या पायरीला चाक टेकेपर्यंत ती धावली.

ऑपरेशन करावं लागलं. दिवस कलता कलता आतून सिस्टरबाई आल्या. मुलगी. दोघी ठीक. अजून उशीर झाला असता तर काय, ते त्यांनी सांगायला तोंड उघडलं होतं. रुख्माबाईंनी हात जोडून थांबवलं.

महादेवराव व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. मीही बसलो. त्यांनी चहा मागवला. दोघांनी प्यायला. चहा फार गोड होता, पण ती वेळ तक्रारीची नव्हती.

१६ मे

नलूला बघून आलो. पोर लाल, सुरकुतलेली, रागीट. आईवर गेली आहे.

नलू म्हणाली, "सर, झाकणाचं काय झालं?"

मी तिला हवेचा दाब समजावून सांगितला, दोन भोकांच्या डब्यासकट. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मले वाटे तुमाले माहीत नसन."

काठावर पास करून मी तिच्यावर अन्याय केला असावा. अर्थात तेव्हाचा पेपरही तसाच होता.

२० मे

महादेवराव बोलतात. गाडीबद्दल बोलतात, नातीबद्दल बोलतात, कापसाच्या बियाण्याबद्दल बोलतात. चौकात ते जे म्हणाले होते त्याबद्दल बोलत नाहीत. माझी राकेलची गोष्ट मी भर उन्हात, त्यांच्या तोंडावर मागं घेतली. त्यांची गोष्ट अजून चौकातच उभी आहे. मी काही तिला ढकलायला जाणार नाही.

जिजा म्हणते, "तुमी मागं घेतली थे वावरात घेतली. बोलले होते चौकात."

ही बाई शाळेत असती तर आमची नोकरी कठीण होती.

२६ मे, शनिवार

बाजारात पानठेल्यावर गेलो. मुद्दाम गर्दीच्या वेळी. रूपराव, प्रभाकरराव, सगळी पंचमंडळी हजर होती. उभा राहिलो आणि वर्गात बोलतो तशा आवाजात सांगितलं, की महादेवरावांनी गाडीत राकेल कधी टाकलं नाही, मी खोटं बोललो, आणि दोष माझ्या झाकणाचा होता.

प्रभाकरराव म्हणाले, वाफेचंही थोडं असेलच. रूपराव हसू लागले. "म्हणजे मास्तर, माह्या पोराचं लग्न तुमच्या झाकणानं रेंगीतून केलं?"

"हो," मी म्हटलं. "आणि तुम्ही सगळ्यांनी विनाकारण ढकललं."

हे म्हणताना वाटलं होतं त्याहून बरं वाटलं. माझे आभार मानायला मात्र कोणी पुढं आलं नाही.

घरी येताना दिसलं, महादेवराव ठेल्यामागच्या लोहाराच्या दुकानात वखराची पास, म्हणजे पातं, शेकून घ्यायला बसले होते. तिथून सगळं ऐकू येतं. त्यांनी ऐकलं असेल की नाही, कोण जाणे. लोहाराचा घण चालू होता.

३ जून, रविवार

लग्नांची शेवटची तिथी जवळ आली. दोन नवरदेव आणि एक मोतीबिंदू, एवढी कामं ठरली. दुपट्ट्याच्या जागी आता नीट घडी केलेलं फडकं आहे. माझ्या अर्ध्या भागाची शोभा गेली, पण गाडी वर्ध्याला जाऊन परत येते, हा एक दोष सोडला तर तिच्यात बघण्यासारखं काही उरलं नाही. रस्त्यात आता कोणी थांबून विचारपूसही करत नाही.

आज दुपारी महादेवराव घरी आले. ऐन जेवणाच्या वेळी. मला वाटलं किल्ली न्यायला आले, म्हणून मी जेवता जेवता उठलो. तर म्हणाले, "बसा, बसा," आणि ओट्यावर न थांबता आत आले.

हे गृहस्थ गेली कितीतरी वर्षं आमच्या ओट्यावर बसून गप्पा मारतात. पाणी विचारलं की म्हणतात, आत्ताच घरून पिऊन आलो. चहा विचारला की, आत्ताच झाला. घरून इतकं पाणी पिऊन निघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आज मात्र त्यांनी चपला दाराशी काढल्या, माझ्या शेजारी भिंतीला टेकून मांडी घातली आणि जिजाकडे बघून म्हणाले, "वहिनी, मले बी वाढा. भूक लागली."

जिजानं पुन्हा हात धुतले. मग ताट आणलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, कांदा. पाण्याचा गडवा ठेवला. त्यांनी आधी पाणीच घेतलं, सगळं. मग भाकर मोडली.

दोन घास खाल्ल्यावर थांबले. ताटाकडे बघत म्हणाले, "मास्तर, थे त्या दिवशी चौकात मी... तसं नोतं म्हणायले पाह्यजे."

मी कांदा फोडत बसलो. फार कडक कांदा होता.

आणखी एक घास खाल्ला त्यांनी. मग जिजाला म्हणाले, "भाजीत मीठ कमी हाये वहिनी."

बघा आता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरात जेवायला बसले आणि पहिल्याच ताटाला नाव ठेवलं. मी म्हटलं, आणते ती. जिजा मीठ आणायला आत गेली ती आलीच नाही. महादेवराव हात थांबवून वाट बघत बसले. मी दोनदा हाक मारली, आतून नुसता नाक ओढल्याचा आवाज. मिठाचा डबा चुलीशेजारच्या फळीवर, समोरच असतो. तो सापडायला इतका वेळ काय लागतो ते कळलं नाही. वयानं हिला समोरच्या वस्तू दिसेनाशा झाल्या आहेत बहुतेक.

शेवटी मीच उठून मीठ आणलं.